शेपटीतली सुई

—नाही, भूल न देता तसंच नाही कापत मी. काय म्हणालात, ‘त्याला कुठे काय कळतं’? बसा तिकडे स्टुलावर. कासव तुमचंच ना — वडिलांचं होतं, आता तुम्ही सांभाळताय, बरं — मग शेपटीखालून त्याचं इंद्रिय बाहेर आलेलं आठ दिवस दिसत नव्हतं? आणि त्याला दोरा कोणी बांधला? तुम्हीच. का, तर कोणीतरी सांगितलं, वाळून आपोआप गळून पडेल. काळंठिक्कर पडलंय ते. आता कापण्यावाचून इलाज नाही. जगेल, लघवीची वाट वेगळी असते त्यांची, जगेल — पण तुम्ही स्वतःच्या करंगळीला आठ दिवस असा दोरा आवळून बघा, मग सांगा मला, कळतं की नाही. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही होय? मान आत घेतं, खाणं सोडतं, एवढीच त्याची तक्रार. खाणं कधी सोडलं? सहा दिवस झाले. वा, छान.

हात नका लावू, मी धरते. आधी वजन. दोन किलो तीनशे चाळीस. पूर्ण भूल का नाही? कारण कासव श्वास रोखून धरतं, आणि एकदा झोपवलं की कधीकधी दुसरा दिवस उजाडतो जागं व्हायला — आणि हे तर सहा दिवसांचं उपाशी. म्हणून फक्त मागचा भाग बधिर करायचा. माणसांना कमरेत देतात ना, पोट फाडून बाळंतपण करताना, तसंच — इथे शेपटीत, वरून, दोन मणक्यांच्या मधे. सुई बघा केवढी बारीक. औषध एवढंसं, वजनावरून मोजलेलं, आणि हळू सोडायचं. हं. झालं. आता दहा मिनिटं गप्प बसायचं.

घड्याळ काय बघताय? मलाही घाई होती एकदा. वजनकाटा बिघडला होता, बाहेर चार कुत्री ताटकळत होती, मी म्हटलं, असेल दीड किलो — हातात घेऊन, नुसत्या अंदाजाने. एका बाईंचं कासव होतं, हेच दुखणं. प्रत्यक्षात एक किलोसुद्धा नव्हतं, औषध जास्त गेलं. काम इतकं सुरेख झालं, टाका इतका सफाईने बसला, मी स्वतःवरच खूश. पुढचे पायसुद्धा लुळे पडलेत हे दिसलं मला — दिसलं — आणि मी म्हटलं, थकलं असेल. औषध वर चढलं होतं. ते पुढचे पाय हलवूनच तर श्वास घेतात ही कासवं. घशात नळी घालून मी फुंकत राहिले असते, दोन तास, चार तास, तर उतरलं असतं औषध. मी त्याला खोक्यात ठेवलं आणि पुढच्या कुत्र्याला आत घेतलं. बाईंना काय सांगितलं? वय झालं होतं, म्हटलं. अठरा वर्षांचं कासव. अठरा म्हणजे पोर. त्या माझा हात धरून म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुम्ही खूप केलंत त्याच्यासाठी.’ — तुम्हाला हे कशाला सांगतेय मी.

थांबा, चिमटा काढून बघते. मागचा पाय — ओढला नाही. दुसरा — नाही. शेपटी सैल. पुढचे पाय बघा, रेटतंय मला, मान बाहेर काढून बघतंय. असंच हवं. आता दोरा कापला तरी त्याला समजणार नाही. तुम्ही इकडे बघू नका, रडायचं तर बाहेर जाऊन रडा, माझा हात हलायला नको.

काय विचारलंत? त्या बाईंना नंतर कधी खरं सांगितलं का?

त्या अजून येतात. मांजर घेऊन. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत तिला.

उठा. बाहेर बसा. दार लावून घ्या.