निघालेल्याला कुठं म्हनू न्हाई

—राग आला जनू, दादा? निघालेल्या मान्साला ‘कुठं’ म्हनून इचारू न्हाई, ठाव हाय मला. आख्ख्या गावाला म्याच शिकिवलं ते. पर सांगा की — नांदेडकडं का हिंगोलीकडं? का परभणी? ह्या पूर्णेच्या ठेसनातून तीन वाटा फुटत्यात आन माझा ल्योक, सूर्यभान, कंच्या वाटंनं गेला, मला ठाव न्हाई. काल आमच्या गावच्या आसारामच्या बैलगाडीतून इथं उतरला, तेवढंच कळलं. सकाळधरनं दिसंल त्याला इचारायलेय.

उंच हाय, खांद्यावर काळी घोंगडी — पाय आवरा दादा, म्हाताऱ्या बाईकडं पाय करून बसू न्हाई. हां. सूर्यभानला असं सांगावं लागत नव्हतं. रजाकार आले, गेले, निजामाचं राज गेलं, पर माझ्या घरातली अदब हलली न्हाई. मोठ्यांपुढं बोलू न्हाई, ताटात वाढलं त्याला नगं म्हनू न्हाई. मेंढरं राखनारं लेकरू, पर देशमुख बी म्हनायचे, अंबाबाई, पोरगं घडवावं तर तुमीच. लय फुगायची म्या.

आन परवा गंगाखेडचे पाव्हणे सोयरिकीला बसलेले, सुपारी फुटायची — तर हा उठून म्हनतो, मला हे लगीन करायचं न्हाई! पाव्हण्यांच्या तोंडावर! काय करनार म्या? हात उचलला न्हाई — न्हाई, उचलला. एकदा. पटका काढायला लावला, एकेकाच्या पायावर डोकं ठेवायला लावलं, त्यांच्या गाडीवानाच्या बी. ठेवलं त्यानं. कामून न्हाई म्हन्ला? ते कुठं इचारलं म्या! जल्मात पहिल्यांदा न्हाई म्हन्लं लेकरू, आन म्या इचारलं न्हाई, कामून रे बाबा.

काल उंबऱ्यात हुबा राहिला. “जातो, माय.” म्या आपली चूल फुंकीत — “जातो म्हनू न्हाई, येतो म्हनावं.” त्यानं घोंगडी खांद्यावर सारली. मग म्हन्ला, “येतो.” आता तुमीच सांगा, दादा, ते ‘येतो’ त्याचं हुतं का माझं? मनातलं बोलला, का शिकिवलेलं? कुठं चाललास, ते बी इचारलं न्हाई. निघालेल्याला इचारत न्हाईत ना!

घंटी झाली. तुमची गाडी का? जावा, जावा. भेटला तर म्हना, माय वाट — न्हाई, तसं नका म्हनू. म्हनावं, माय इचारायलीय, कामून. एवढंच. आन हात जोडू नका मला. ‘येतो’ बी म्हनू नका, दादा. जातो म्हना. एकदा मला तोंडावर जातो म्हना, आन जावा.