सगुणाबाईंच्या डोळ्याचं माप

पिरंगुटच्या डोळ्यांच्या दवाखान्यात वडील आत तपासणीला गेले होते, आणि किमया तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन बाहेर बसली होती. शेजारी रिहे गावच्या सगुणाबाई, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि त्यांची सून.

"आत्याबाई, मोतीबिंदूचं माप पुन्यांदा घ्यायचंय म्हनं. काय तरी बिघडलं असंल," सून म्हणाली.

"बिघडतंय कशाचं! जाड चष्म्यावाल्याचा डोळा लांबडा असतो, मागं फुगलेला. मापात केसाएवढी चूक झाली, की आतलं भिंग चुकलंच. मोजू दे की."

"मग लांबचं दिसणारं भिंग सांगा. चष्मा सुटंल एकदाचा."

"आन् जवळचं?"

"जवळच्याला चष्मा लावायचा."

"तेलाच्या हातानं? गावातली तान्ही पोरं न्हाऊ घालताना चष्मा काढून ठिवते मी. जवळ धरलं की कानामागचा मळसुदिक दिसायचा. त्ये न्हाई दिसलं, तर कोन देईल पोर माझ्या हातात?"

"डॉक्टर आयकतील व्हय?"

"आयकलं की! जवळचं ठिवू म्हनले, लांबचं चष्म्यानं बघा. जल्मभर त्येच केलंय."

"सगुणाबाई, आत या. दिव्याकडं सरळ बघायचं, हलायचं नाही," नर्सनं दारातून हाक मारली.

"आले. ए पोरी, बाळ दे जरा हिकडं."

किमयानं दिलं. सगुणाबाईंनी चष्मा काढून बाळाला पार नाकाशी धरलं.

"आत्ता निस्तं धुकं दिसतंय गं. डोळा झाला की हिला घिऊन ये रिह्याला. नाक कुनावर गेलंय, त्ये मी सांगते."