बाकाखालची तालीम

अगं, परवा माझ्या वर्गात जे झालं ना, ते अजून डोक्यातून जात नाही. मागं आमच्या गोंदियाच्या शाळेच्या फाटकावर बाहेरच्या पोरांनी चाकू काढले होते. म्हणून हेडमास्तरांनी ठरवलं, मुलांकडून तालीम करून घ्यायची. शिट्टी वाजली की सगळ्यांनी बाकाखाली गुपचूप बसायचं.

माझी तिसरीची पोरं. शिट्टी वाजली तरी खिदळूनच राहिली होती. एकटी राशी उठली. तिनं दाराची खालची कडी लावली, लाइट बंद केला, शेजारच्या पोरीला बाकाखाली ओढलं आणि तिच्या तोंडावर हात दाबून धरला. यातलं मी काहीच शिकवलं नव्हतं.

मी वाकून विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं गं?"

"आईनं. मोहल्ल्यात झगडा सुरू झाला का आम्ही असेच पलंगाखाली जातो."

मी म्हटलं, "झालं बेटा, ही नुसती तालीम होती. ये बाहेर."

ती हलेना. "मॅडम, पहिले खिडकीतून पाहा ना, ते गेले का?"

बाहेर कोणीच नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी उठले, खिडकीतून दोन्ही बाजूंना नीट पाहिलं आणि मगच म्हटलं, "गेले, बेटा."