समजा नाही, खरंच

वहिनी, विनायकभाऊचे सारे सोयरे, बजारातले दुकानदार मंडळी, तुमच्यापैकी मले कोणी ओळखत नाही. मी प्रल्हाद, एकोडीचा धानाचा शेतकरी. केव्हाचा मागच्या खुर्चीवर बसून होतो. तीनदा उठलो, तीनदा बसलो. पण आज नाही बोललो, तर मंग कधीच बोलणं होणार नाही.

विनायकभाऊले मी कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं, ते या हार घातलेल्या फोटोत.

तरी दोन वर्षं आमचं रोज बोलणं होतं. मोबाईलवर आमचा पाच जणांचा ग्रुप, नाव 'समजा'. नियम असा, की नाव सांगायचं नाही, गाव नाही, घरचं दुखणं-खुपणं नाही. फक्त आपापला छंद, अन् 'समजा'नं सुरू होणारा एखादा बिनकामाचा प्रश्न. मी तलावावरच्या पाखरांचे आवाज पाठवत होतो, म्हणून मी बगळा. विनायकभाऊ आपल्या भांड्याच्या दुकानातल्या पितळी लोट्याले टिचकी मारून आवाज पाठवत, म्हणून ते टणटण. "आवाज पुरा विझेपर्यंत कोणी बोलायचं नाही," हा त्याईचा हुकूम. "समजा, माणसाले शेपूट असती, तर सायकलवर कुठं ठेवली असती?" यावर आम्ही आठ दिवस भांडलो, मंडळी. आठ दिवस!

मंग ती दुपार आली. वहिनी, तुम्ही वरठीले बहिणीकडे गेल्या होत्या, हे मले आता माहीत झालं. त्याईचा प्रश्न आला, "समजा, दुकानात एकटाच आहो, छातीत कळ येऊन राहिली, घामानं सदरा ओला झाला. तर पहिला फोन कोणाले लावायचा?"

सदरा ओला! मनानं रचलेल्या प्रश्नात कोणी सदरा ओला करते काय? काहून नाही दिसलं मले?

एकानं लिहिलं, बायकोले लाव, शिव्या खाऊन कळ पळते. अन् मी काय लिहिलं? मी लिहिलं, "मी तर पहिले जेवण उरकन, मंग मरन." त्याईनं हसण्याचं चित्र पाठवलं. मंग चूप. संध्याकाळी मीच लिहिलं, "काय गा टणटण, मेला काय?"

हो, मीच लिहिलं. याच हातानं.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी त्या मोबाईलवरून उत्तर लिहिलं, "हे गेले. समजा नाही, खरंच."

तवा मी त्या नंबरावर पहिल्यांदा फोन लावला. वहिनींनी उचलला. नंबर तर दोन वर्षांपासून माझ्यासमोर होता, मंडळी! त्या दुपारी लावला असता, कुठं आहा एवढं विचारलं असतं, तर या बजारातला एक तरी माणूस धावला असता ना? सांगा ना, धावला असता ना?

वहिनी, माफी मागाले तोंड नाही. तरी मागतो. शिव्या द्या मले.

आमच्या ग्रुपात आम्ही प्रश्न बिनउत्तराचा ठेवत नव्हतो. टणटण, माझं उत्तर चुकलं होतं. आता बरोबर देतो. पहिला फोन मले लाव. मी प्रल्हाद, राहणार एकोडी. तू कुठं आहेस तेवढं सांग, मी निघालो.

हा त्याईच्याच दुकानातला लोटा आहे. उभे व्हा, मंडळी. मी टिचकी मारतो. आवाज पुरा विझेपर्यंत कोणी बोलायचं नाही.