स्वस्त पापलेट, महाग डिझेल

अरे, त्या सुधीरसमोर पर्यावरणाचं नाव काढू नका रे! आमच्याच चाळीतला, आता बंद गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये राहतो. परवा माझ्याच स्कूटरवर मागे बसून साहेब मला शिकवत होते, "पेट्रोल-डिझेल दुप्पट महाग करायला हवं. लोकांना चटका बसला की हवा आपोआप सुधारेल."

लालबागच्या मासळी बाजारात पोचलो तरी तोंड चालूच. पापलेटचे कल्ले उघडून बघता बघता कोळणीलाही तेच ऐकवलं. ती मान डोलावत राहिली. मग तिनं भाव सांगितला आणि सुधीर उडालाच.

"एवढा? मागच्या रविवारी तर एवढा नव्हता!"

"डिझेल वाढलं ना, दादा. होडीला तेच लागतं."

"मग त्याचा भुर्दंड मला कशाला?"

कोळणीनं त्याच्या हातातलं पापलेट काढून परत बर्फावर ठेवलं.

"बरोबर बोललास. उद्यापासून आमचा म्हातारा वल्हं मारत दर्यात जाईल. परत कधी पोचेल, देव जाणे. पण ती शिळी मासळी आली की तुझ्या त्या सुधारलेल्या हवेत घरबसल्या वास येईल तुला."