राखणदार

सांगलीच्या दवाखान्यात, जळीत वॉर्डाबाहेर, आपल्या पेशंटसाठी थांबलेल्या विनोदिनीबाईंच्या शेजारी आटपाडीचं धनगर जोडपं टेकलं होतं. आत त्यांची भाजलेली नात अपेक्षा होती.

“आवं, माजा भाऊ मेंढरं सोडून पोरीला बघायला आला, अन् तुमी त्येला दारातनंच पिटाळलंसा!”

“मग? भाजल्या जखमंतनं अंगातलं राखणदारच वाहून जात्यात, डॉक्टर म्हणला. नवं तयार हुईस्तवर भाईरचा रोग आत जाऊ द्यायचा न्हाई. आजारातनं उठलेलं कोकरू आपण लगीच कळपात सोडतो व्हय?”

“तीन आठवडं झालं की!”

नर्स बाहेर आली. “आजोबा, अपेक्षाच्या अँटीबॉडीज वाढल्यात. आता एकेकानं आत या.”

“आवं, उठा की!”

“तू हो फुडं. मीबी सकाळी मेंढरातनंच आलोय. आंगूळ करून येतो.”

विनोदिनीबाईंनी पिशवीतली साबणाची वडी त्याच्यापुढं धरली.