शेपूट वर होतं

— नाही, ते नको, ते परत काचेवर ठेव बघू. हळू! रिव्हॉल्वर चांगलंच आहे रे, मी कुठे वाईट म्हणतेय, चव्वेचाळीस कॅलिबरचं आहे, हरणाच्या शेजारी उभा राहून झाडलंस तर हरीणही पडेल आणि त्याच्या मागचं झाडही पडेल. पण तू म्हणालास काय? तीनशे यार्ड म्हणालास ना? दुकानाच्या दारातूनच म्हणालास — आर्डिथ, तीनशे यार्डांवरून हरीण पाडेल असं पिस्तूल दाखव. कोल्बी, तीनशे यार्डांवरून ह्याचा आवाज ऐकून हरीण फक्त मान वर करेल आणि पुन्हा चरायला लागेल. शंभरपर्यंत ठीक, तेही हात स्थिर असेल तर. आणि तुझा नाहीये स्थिर — सकाळपासून कॉफी किती झाल्या? चार? मग साठ यार्ड. चिडू नकोस, मी तुझ्या आईला पण असंच बोलायचे.

आता हे बघ. हे खालच्या कप्प्यातलं. लांब आहे, हो, पंधरा इंची नळी आहे, आणि हे असं मध्ये वाकून उघडतं, आत एकच काडतूस बसतं — एकच, हो, दुसरं कशाला हवंय तुला? ज्याला दुसरी गोळी माहीत असते तो पहिली उगाच घालवतो. काडतूस रायफलचंच आहे, म्हणून लांब जातं. दुर्बीण मात्र पिस्तुलाची, हात पुरता लांब केला तरी तिच्यातून दिसतं, डोळा चिकटवायला गेलास तर काळं दिसेल — दिसलं ना काळं? मागे घे, आणखी मागे. हं, आता बरोबर. चाप इतका हलका आहे की तू विचार केलास की सुटतं, म्हणून आधी विचार कर. आणि नळी कशावरही टेकवायची नाही. ट्रकच्या टपावर टेकवशील, कुंपणाच्या खांबावर टेकवशील आणि गोळी वीतभर वरून जाईल, मग म्हणशील पिस्तूल खराब. नाचता येईना अंगण वाकडं. पिशवी घ्यायची, मक्याचे दाणे भरलेली, आणि ती इथे, ह्या पुढच्या लाकडी पकडीखाली ठेवायची, पाठ झाडाला, गुडघे वर. तुला कंटाळा येईल. येऊ दे.

वापरलेलं आहे, लपवत नाही. कोणाचं म्हणजे? एका बाईचं. हसतोस काय? बरं, माझं. माझंच आहे, सहा हंगाम वापरलंय, मुठीवर तेलाचा डाग आहे तोही माझाच. विकतेय कारण जनेलला शब्द दिलाय. लेक आहे, तिकडे लिंकन शहरात बसून माझी काळजी करते — आई, तू सत्तरीची, आई, तू एकटी, आई, तुझा खांदा. शनिवारी हंगाम सुरू होतोय आणि त्याच्या आत हे घराबाहेर गेलं पाहिजे म्हणाली. आज गुरुवार. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली आणि तिघांनाही मी दिलं नाही, एकाने तर दिवाणखान्यात भिंतीवर लावतो म्हणून सांगितलं, त्याला मी मासे पकडायचा गळ विकला. म्हणून तू मुकाट्याने ऐक, तू नशीबवान आहेस.

खांद्याचं सांगू? उजव्या खांद्यात धातूचा गोळा आहे माझ्या. डॉक्टर म्हणाले, बाई, रायफलचा दस्ता आता कधीच टेकवायचा नाही, धक्का बसला तर सगळं पुन्हा उघडावं लागेल. मी म्हणलं, ठीक, दस्ता टेकवायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात हे घेतलं. पिस्तुलाला खांद्याचा दस्ता असतो का? नसतो! मग मी कुठे मोडलं डॉक्टरांचं सांगणं? कॅफेत काय हसले सगळे — लेनर्ड वोबोरिल तर म्हणाला, म्हातारी चिमटा घेऊन हरणामागे निघाली. नोव्हेंबरात ह्याच चिमट्याने एकशे दहा यार्डांवरचा आठ फाट्यांच्या शिंगांचा नर पाडला आणि त्याच्या दारासमोरून ट्रक हळूहळू नेला. दोनदा नेला. नवरा असता तर म्हणाला असता पुरे आता आर्डिथ, पण तो नव्हता, म्हणून तिसऱ्यांदाही नेला. बाई म्हातारी झाली, विधवा झाली, एका खांद्याने अधू झाली की लोकांना वाटतं आता हिने कोलाचे, ते गोड पाव, भाजावेत आणि खिडकीतून हरणं मोजावीत. मोजत नाही मी. मी बसते जाऊन. आणि त्या खांद्याचं कौतुक मला नको कुणाचं.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, तशी दुरून हरणंही साजरी. तुझ्या गळ्यातल्या त्या यंत्राने अंतर कळतं, कळू दे, मारावं की नाही हे यंत्र सांगत नाही. माझी हद्द दोनशे. होती. दोनशेच्या पुढचं माझं नव्हे, असं मी ठरवलं होतं. तू सांग, तू आजवर सर्वांत लांबून कितीवर झाडलीयस? रायफलने का होईना. गेल्या साली? कॉटनवूड ओढ्यावर, दोनशे ऐंशी. बरं. आणि? — हुकलं. होतं असं, सगळ्यांचं होतं, त्यात काय. साफ हुकलं म्हणतोस? कशावरून?

काय म्हणालास?

नाही, ऐकलं मी. शेपूट वर होतं म्हणालास.

पिस्तूल दे इकडे. दे म्हणते ना. काचेवर नको, माझ्या हातात दे. बस त्या खुर्चीवर — तिच्यावरचं खोकं खाली ठेव आणि बस. जाऊन बघितलंस का? तू जिथून झाडलीस तिथून उठून, ओढा ओलांडून, ते जिथे उभं होतं तिथे गेलास का? नाही ना. कशाला जाशील! आपल्याकडे शाळेत जायच्या आधी पोरांना हे शिकवतात, गोळी लागली की हरणाची शेपटी खाली पडते, हुकली की पांढरं निशाण वर करून पळतं. तुझ्या बापाने शिकवलं, माझ्या बापाने मला शिकवलं. शेपूट वर म्हणजे साफ हुकलं, चला, घरी चला, जेवण थंड होतंय.

गेल्या हंगामातला दुसरा रविवार. दरीच्या पलीकडच्या उतारावर मादी होती, दोनशे चाळीस यार्ड. चाळीसच जास्त, म्हणलं, चाळीसने काय होतं. पिशवी नीट होती, हात नीट होता, झाडली. मादीने उडी घेतली आणि शेपूट — हे असं, सरळ वर, पांढरं शुभ्र — आणि पाइनच्या झाडांमागे गेली. मी म्हणलं, हुकलं. गारांचा पाऊस सुरू झाला होता, दरी उतरून पलीकडे चढायचं म्हणजे मला तास लागला असता. खांदा दुखत होता. नाही, खोटं कशाला, खांदा नव्हता दुखत. मला जायचं नव्हतं. कॅफेत गेले, लेनर्डने विचारलं काय झालं, मी म्हणलं साफ हुकलं, तो हसला, मीही हसले, चेरीचा केक खाल्ला, दोन तुकडे खाल्ले.

बुधवारी कुंपण बघायला त्या अंगाला गेले तर झुडपावर मॅगपाय पक्षी जमलेले, मेलेल्यावर टपणारे, दहाबारा, कलकलाट नुसता. मला कळलं. कोल्बी, ट्रकमधून उतरायच्या आधी मला कळलं. जिथे ती उभी होती तिथून मोजून साठ पावलं. साठ. कोयोटी कोल्ह्यांनी अर्धी खाल्ली होती, त्याचं मला काही नाही, त्यांनाही पोटं आहेत. पण ती जिथे पडली होती ना, तिथली जमीन उकरलेली होती. खुरांनी. चांगली चारी बाजूंनी. एका मिनिटात एवढी उकरली जात नाही. मी केक खात होते तेव्हा ती तिथे होती, आणि मी गेले असते तर — मी गेले नाही. मला लाज वाटते. बास, हेच आहे, मला लाज वाटते आणि वर्षभरात हे मी कुणाला सांगितलेलं नाही. जनेललाही नाही. तिला काय माहीत, बिचारीला? तिने नव्हतं सांगितलं विकायला. मीच फोन केला, मीच म्हणलं खांदा दुखतो, मीच म्हणलं हंगामाच्या आत काढून टाकते. ती रडली आनंदाने. माझ्यावर नको, त्या खांद्यावर आळ जातोय तर जाऊ दे, म्हणलं, तेवढंच सोपं.

असं बघू नकोस माझ्याकडे. सांगायचंय तर सांग कॅफेत जाऊन, लेनर्डला सांग, पाद्रीबाबांना सांग, मी काही तोंड लपवून बसणार नाही. शनिवारी मीच सांगेन. हसतील? हसू देत. त्यांच्यातले किती जण झाडल्यावर चालत जाऊन बघून आलेत ते मी नावानिशी विचारेन.

आणि पाकीट आत ठेव. तुला नाही देणार मी हे. किंमत वाढवतोस? वेडा झालायस? जास्त देतोस म्हणून ज्याने जाऊन बघितलं नाही त्याच्या हातात तीनशे यार्डांचं हत्यार देऊ? दुसऱ्या गावात मिळेल, हो, मिळेल, जा घे तिथून, तिथे कोणी तुला काही विचारणार नाही. पण माझ्याकडून हवं असेल तर आधी कॉटनवूडला जा. वर्ष झालं म्हणून काय झालं? हाडं राहतात. कवटी राहते. जिथे उभं होतं ती जागा तुला माहीत आहे, तुला झोपेतही सापडेल ती, खोटं बोलू नकोस. तिथून साठ पावलं, सगळ्या बाजूंना, झुडपात वाकून. काही सापडलं नाही तर ये, मी स्वतः तुला बसून शिकवीन. सापडलं तरी ये.

आत्ता. तीन वाजलेत, दोन तास उजेड आहे. सोबत? नाही येणार मी सोबत. माझं मी एकटीने बघितलं. उशिरा गेले, पण गेले. जा.